लग्नानंतर नर्सिंगचा अर्ज: कोणता कागद माहेरचा, कोणता सासरचा

"ताई, माझं लग्न झालं, दोन लेकरं आहेत. मले घेतीन का नर्सिंगले?" हा प्रश्न घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी माझ्या दारात येतंच. मी स्वतः जीएनएम (नर्सिंगची पदविका) केलं तेव्हा माझा धाकटा दीड वर्षाचा होता, म्हणून बाया मलाच शोधत येतात. उत्तर सरळ आहे: घेतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांतच विवाहित उमेदवार पात्र असल्याचं लिहिलेलं आहे. त्यामुळे "लग्न झालेल्यांना आम्ही घेत नाही" असं एखाद्या संस्थेनं तोंडी सांगितलं, तर तेच लेखी मागा.

खरी अट वयाची आहे. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि 35 च्या पुढे गेलेली नकोत. आमच्याकडे विसाव्या-बाविसाव्या वर्षी लग्न होतं. पहिलं लेकरू शाळेत जाऊ लागेपर्यंत बाई तिशीला टेकते. "अजून एक वर्ष थांबू, पोट्टं मोठं होऊ दे" म्हणण्याआधी हा हिशेब करून घ्या.

अभ्यासक्रम तीन. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचा, फक्त महिलांसाठी. त्याला बारावी कला शाखेतून झाली असली तरी चालते. जीएनएम तीन वर्षांचा, शाखा कोणतीही चालते, पण बारावीला एकूण 40 टक्के आणि इंग्रजीत वेगळे 40 टक्के लागतात. बऱ्याच जणींची गाडी या इंग्रजीपाशीच अडते. एकूण 58 टक्के आणि इंग्रजीत 37 अशा गुणपत्रिका मी किती पाहिल्या असतील, गणती नाही. अशांसाठी एएनएमची वाट आहे. एएनएम पास होऊन नोंदणी झाली की जीएनएमला ही 40 टक्क्यांची अट आडवी येत नाही, आणि नोंदणीकृत एएनएमला 35 वर्षांची मर्यादाही नाही. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन झालेली हवी. खुल्या वर्गाला 45 टक्के, मागासवर्गीयांना 40.

बीएस्सीला राज्याच्या सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षाची परीक्षा द्यावी लागते: 100 प्रश्न, दीड तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एएनएम आणि जीएनएमसाठी त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. मागच्या वर्षी नणंदेनं कसं केलं, त्यावर विसंबू नका.

आता कागद. लग्न झालेल्या बाईचे कागद दोन घरांत विभागलेले असतात, आणि कोणता कागद कोणत्या घरून येतो हे न कळल्यामुळे अर्ज अडतो. गेल्या साली शेजारच्या गावची एक बाई खताच्या पिशवीत सगळं गुंडाळून घेऊन आली. लॅमिनेशन केलेली टीसी, गुणपत्रिका, आधार, पासबुक. मी ते ओसरीवर मांडले. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पासबुकावर तिचं स्वतःचं नाव एका अक्षरानं चुकलेलं. एकच बाई, तीन कागद, तीन नावं. आणि जातीचा दाखला? तो तिनं काढला होता सासरच्या तहसीलमधून, सासऱ्याचे कागद जोडून!

जात जन्मानं ठरते, लग्नानं बदलत नाही. त्यामुळे जातीचा दाखला माहेरचाच, वडिलांकडच्या पुराव्यांवर. पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा. आजोबांच्या शाळेचा दाखलखारीज उतारा (शाळेच्या नोंदवहीची नक्कल) मिळाला तर निम्मं काम झालं समजा. मग जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र. ती जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळते. अनुसूचित जमातीच्या समित्या वेगळ्या. वडील, सख्खा भाऊ किंवा काका यांच्यापैकी कुणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत आधी मिळवा. याला महिने लागतात. कापूस घरात यायला लागला की ही फाईल उघडा, उन्हाळ्यात धावपळ करून हाती काही लागत नाही.

नॉन क्रीमी लेयरही (घर उन्नत गटात मोडत नाही, असा दाखला) माहेरचंच. त्यात आई-वडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याची नाही. नवरा शिक्षक आहे म्हणून इथे घाबरायचं कारण नाही.

वरुड, गोंदिया भागात आणखी एक गुंता असतो. मुलगी मध्य प्रदेशातून, मुलताई किंवा बालाघाटकडून, सून म्हणून आलेली असते. तिकडच्या जातीच्या दाखल्यावर इथे आरक्षण मिळत नाही, लग्नामुळेही मिळत नाही. अशांनी खुल्या वर्गातूनच अर्जाची तयारी ठेवावी.

उत्पन्नाचा दाखला मात्र सासरचा. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या नियमांत, नोकरी नसलेल्या विवाहित विद्यार्थिनीच्या बाबतीत नवऱ्याचं उत्पन्न धरतात. म्हणजे जात वडिलांची आणि उत्पन्न नवऱ्याचं. सेतू केंद्रातल्या पोरालाही हे कधीकधी समजावून सांगावं लागतं. तलाठ्याचा अहवाल घ्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात मात्र तलाठीच) आणि तहसीलदारांच्या सहीचा दाखला काढा. तो 31 मार्चपर्यंतच चालतो, म्हणून फार आधी काढून ठेवू नका.

नावाचा घोळ असा सोडवा: प्रवेशाचा अर्ज दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आहे त्याच नावानं भरा. आधारवर सासरचं नाव असेल तर दोन्ही नावांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. ते लग्न जिथे लागलं तिथल्या ग्रामपंचायतीत, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) मिळतं. नोंदणी राहून गेली असेल तर लग्नपत्रिका, फोटो आणि तीन साक्षीदार घेऊन आताही करता येते. राजपत्रात नाव बदलायची घाई करू नका, नाहीतर पुढच्या प्रत्येक कागदावर तेच निस्तरत बसावं लागतं. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे मात्र बँकेत जाऊन विचाराच. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधार जोडलेल्या खात्यातच पडतात.

याशिवाय अधिवास प्रमाणपत्र, टीसी, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि बारावीनंतर शिक्षण सुटल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. "गॅप" ऐकून बाया दचकतात. त्यात लपवण्यासारखं काहीच नाही; लग्न आणि बाळंतपण असं सरळ कारण लिहायचं. मूळ कागद जमा होण्याआधी सगळ्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा.

फीबाबत एक महत्त्वाची गोष्ट. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून झालेला हवा. एजंटानं "सीट पक्की करून देतो" म्हणत व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेऊन दिला, तर ही माफी हातची गेली.

आता लेकरांचं. हजेरीचा नियम कडक आहे: परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत किमान 80 टक्के, आणि पदविका हातात पडायच्या आधी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागाची हजेरी 100 टक्के. लेकराला ताप आला म्हणून चुकवलेली वॉर्डची पाळी नंतर भरून द्यावीच लागते. जीएनएम तीन वर्षांचं असलं तरी जास्तीत जास्त 6 वर्षांत पूर्ण करता येतं. मधेच दिवस राहिले, एखादं वर्ष मागे पडलं, तरी नाव लगेच कटत नाही.

माझी सासू सुरुवातीलाच म्हणाली होती, "पोट्ट्याईले मी पाहीन, पण रातच्याले घरी येशीन ना?" मी हो म्हणून बसले. रात्रपाळी असते आणि वसतिगृहात राहणं सक्तीचं आहे, हे मला फी भरल्यावर कळलं. दर रविवारी एसटीनं यायचं आणि धाकटा झोपला की निघायचं, असं पहिलं वर्ष काढलं. म्हणून प्रवेश पक्का करायच्या आधी संस्थेत जाऊन विचारा: वसतिगृह सक्तीचं आहे का, विवाहितांना बाहेर राहायची लेखी परवानगी मिळते का, रात्रपाळी कोणत्या वर्षापासून, ग्रामीण भागातली पोस्टिंग कुठे आणि किती आठवडे. शक्य असेल तर शिकणाऱ्या एखाद्या विवाहितेलाही भेटा.

लेकरू माहेरी ठेवणार असाल तर तिथल्या अंगणवाडीत नाव घाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला घरी न्यायचा आहार मिळतो, पण नोंद सासरी आणि लेकरू माहेरी असलं की तो बुडतो. केंद्राच्या पाळणा योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलेलं आहे, तिथे सहा महिने ते सहा वर्षांची लेकरं ठेवतात. तुमच्या भागात असं केंद्र आहे का, हे सेविकेला विचारा. आणि हिपॅटायटिस बीची लस आत्ताच सुरू करा: पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. अर्जासोबत सुरुवात केली तर वॉर्डात पाय ठेवेपर्यंत बहुतेक तिन्ही होतात.