गोवा, सिनेमा आणि सरकारी जाहिरात: इफ्फी पणजीत कसा आला

नोव्हेंबर आला, पणजीत इफ्फीचे, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे आकाशकंदील आणि फलक लागले, की तोच वाद परत सुरू होतो. एवढा खर्च करून गोव्याला मिळतं काय? इफ्फीवाले म्हणतात जगभर नाव होतं, बाकीचे म्हणतात गोव्याला नाव करायची गरज होती कधी. दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं पण २००४ ला नक्की काय ठरलं होतं आणि ते का ठरलं होतं हे फारसं कोणी काढत नाही, म्हणून जरा मागचं.

फार मागे जायची गरज नाही. मुक्तीनंतर बरीच वर्षं सरकारला पर्यटनाची जाहिरात अशी करावीच लागली नाही, हिप्पी न बोलावता आले आणि देशात गोवा विकायचं काम हिंदी सिनेमाने फुकटात केलं. १९६९ चा 'सात हिंदुस्तानी' मुक्तिलढ्यावर होता, पण लोकांच्या डोक्यात बसला तो १९७३ च्या 'बॉबी'मधला गोवा, होडी, बाटली आणि तोडकंमोडकं हिंदी बोलणारा ब्रागांझा. गोवेकरांचा तो राग अजून गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर जायचं काही कारणही नाही. १९८३ ला राष्ट्रकुल परिषदेचे पाहुणे विश्रांतीला गोव्यात आले, त्यांच्यासाठी घाईघाईने रस्ते-बिस्ते झाले. १९८७ पासून जर्मनीहून चार्टर विमानं यायला लागली, पंचतारांकित हॉटेलांविरुद्ध किनाऱ्यावरच्या गावांत आंदोलनं झाली, चार्टरने आलेल्यांवर शेण फेकण्यापर्यंत मजल गेली. हे सगळं होत असताना सरकारची जाहिरात म्हणजे एक माड, एक चर्च आणि मावळता सूर्य असलेलं पोस्टर.

मग २००१ ला 'दिल चाहता है' आला आणि गणित बदललं. शापोराचा किल्ला आधी पण होताच की, पण तिघे मित्र तिथे बसले आणि मुंबई-पुण्याच्या प्रत्येक कॉलेज ग्रुपला तिथे जाऊन तसंच बसायचं झालं. अजून लोक त्याला सिनेमाच्या नावानेच ओळखतात, किल्ला कोणी बांधला, कोणी जिंकला, कोणाला पडलेलं नसतं. (संभाजी महाराजांच्या काळात मराठ्यांनी या भागात पोर्तुगीजांना घाम फोडला होता, ते तिथे सांगायला गाइड पण नसतो.) एक सिनेमा काय करू शकतो हे सरकारला दिसलं असणारच, कारण पुढची हालचाल लगेच झाली.

तर इफ्फी. हा महोत्सव १९५२ ला मुंबईत सुरू झाला आणि नंतर फिरता होता, दिल्लीत व्हायचा आणि मधल्या वर्षांत कलकत्ता, हैदराबाद, तिरुअनंतपुरम असा कुठे कुठे जायचा, १९८४ ला मुंबईतही झाला. मग कल्पना निघाली की फ्रान्समधल्या कान महोत्सवासारखं एक ठरलेलं शहर हवं, छोटं, समुद्रकाठचं, चालत फिरता येईल असं. तेव्हा केंद्रात आणि गोव्यात एकाच पक्षाचं सरकार होतं, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जोर लावला आणि महोत्सव गोव्याला मिळाला. गंमत अशी की मे २००४ मध्ये केंद्रातलं सरकार बदललं, म्हणजे ठरवलं एकांनी आणि प्रत्यक्ष महोत्सव झाला तेव्हा दिल्लीत भलतेच बसलेले. पण तोपर्यंत पणजीत खोदकाम एवढं पुढे गेलेलं की मागे फिरायचा प्रश्नच नव्हता.

२९ नोव्हेंबरला उद्घाटन, आणि त्याआधीच्या काही महिन्यांत जे झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. १८४२ पासूनच्या वैद्यकीय शाळेच्या, म्हणजे जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारती, हॉस्पिटल बांबोळीला गेल्यापासून पडून होत्या, त्या डागडुजी करून महोत्सवाचं ऑफिस झाल्या. बाजूला चार पडद्यांचं मल्टिप्लेक्स उभं राहिलं, मांडवीच्या काठचा रस्ता आणि फुटपाथ नवे झाले. या सगळ्यासाठी सरकारने एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा ही वेगळी सोसायटी स्थापन केली, कारण सरकारी खात्याच्या नेहमीच्या टेंडरच्या चालीने हे वेळेत झालंच नसतं. आणि नेमकं इथेच घोडं अडतं. वेळेत व्हावं म्हणून जे नियम बाजूला ठेवले तेच नंतर कित्येक वर्षं विधानसभेत आणि चौकश्यांमध्ये उगाळले गेले, कोणाला कंत्राट कसं दिलं, किती वाढीव दिलं वगैरे. माझ्या मते कामं झाली ही चांगली गोष्ट, पणजीला त्याआधी सम्राट-अशोक आणि नॅशनल एवढीच थिएटरं होती आणि नदीकाठाला धड चालता येत नव्हतं. पण 'एकदा होऊ दे, हिशोब नंतर' ही सवय तिथूनच लागली हेही खरं.

मुख्य मुद्दा मात्र हा नाही. २००४ ला लोकांना सांगितलं काय गेलं? की इफ्फीमुळे वेगळा पर्यटक येईल, पैसेवाला, रसिक, बीचवर बाटल्या न फोडणारा. शिवाय गोव्यात सिनेमाचा धंदा वाढेल, पोरांना काम मिळेल. आता महोत्सवाचा पास काढून प्रतिनिधी म्हणून जो येतो तो सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत थिएटरच्या रांगेत असतो, मधे वडापाव आणि चहा, त्याच्याकडून हॉटेलांचा नोव्हेंबर भरतो हे कबूल पण तो पर्यटक नाही. २००७ पासून महोत्सवाच्या जोडीला फिल्म बाजार, म्हणजे निर्माते आणि पैसे लावणारे-विकत घेणारे यांची गाठ घालून देणारा बाजार सुरू झाला आणि तो मात्र कामाचा निघाला, 'द लंचबॉक्स'सारखा सिनेमा तिथून पुढे गेला, मराठी निर्मातेही तिथे चकरा मारतात. पण त्यात गोव्याचं काय, तर जागा. कोंकणी सिनेमा १९५० पासून आहे आणि आजही त्याला गोव्यातल्या थिएटरात शो मिळवायला झगडावं लागतं.

आणि ते 'कायमस्वरूपी ठिकाण' प्रकरण तर विचारूच नका. कायमस्वरूपी म्हणून आलेला महोत्सव पुढची दहा वर्षं दर थोड्या दिवसांनी 'आता दुसरीकडे जाणार' अशा बातम्यांत असायचा, मग गोव्यातले नेते दिल्लीला निवेदनं घेऊन जायचे. त्यासाठी लागणारं मोठं कन्व्हेन्शन सेंटर दोना पावलाला होणार होतं, ते अजून होणारच आहे. उद्घाटनं वर्षानुवर्षं ताळगावच्या इनडोअर स्टेडियममध्ये झाली, जे ल्युसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषिक देशांच्या खेळांसाठी बांधलेलं. पणजीची कला अकादमी तर दुरुस्तीत अडकली, २०२३ च्या जुलैमध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं, आणि नोव्हेंबरात इफ्फीच्या तोंडावर ती उघडली. करोनात २०२० चा महोत्सव जानेवारी २०२१ ला झाला.

इकडे हिंदी सिनेमा आपलं काम करतच होता, सरकारला विचारून नाही. २०११ ला 'दम मारो दम' आला तेव्हा त्यातल्या गोव्याच्या बायकांबद्दलच्या एका संवादावरून संताप झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्याच वर्षी 'सिंघम' आला आणि दोना पावलाच्या जेटीचं नाव पर्यटकांनी सिंघम पॉइंट करून टाकलं, त्याआधी गाइड तिथे 'एक दुजे के लिए' सांगायचे. २०१३ ला 'चेन्नई एक्सप्रेस'ची ट्रेन दूधसागर धबधब्यासमोर थांबली आणि पावसाळ्यात तिथे झुंबड उडायला लागली. रेल्वेने रुळांवरून चालायला बंदी घातली तरी लोक येतातच, जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी अशांना उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील. याच काळात सरकारची घोषणा होती 'गो गोवा ३६५ डेज', म्हणजे पावसाळ्यातही या. लोक आले, आणि मग त्याच सरकारला पावसाळ्यात धबधब्यांवर जायला मनाई करावी लागली.

पर्र्याचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. कलिंगडांसाठी नावाजलेलं गाव, पण दोन्ही बाजूंना माड असलेला त्याचा रस्ता 'डिअर जिंदगी'चा रस्ता म्हणून इन्स्टावर फिरला आणि भाड्याच्या गाड्या रस्त्यातच उभ्या राहायला लागल्या. २०१८ च्या सुमारास पंचायतीने फोटो काढणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, त्याचा व्हिडिओ व्हायरल झाला आणि सगळीकडून पंचायतीवरच टीका झाली. शूटिंगची परवानगी इफ्फीसाठी काढलेल्या त्या पणजीच्या सोसायटीकडून मिळते, दिवसाची फी तिकडे जाते, आणि नंतर वर्षानुवर्षं येणारी गर्दी गावाने सांभाळायची. मग गावाने शंभर रुपये मागितले तर ओरड कसली?

उलटा प्रसंग मे २०२१ चा. महाराष्ट्रात शूटिंग बंद होतं म्हणून हिंदी-मराठी मालिका आणि रिअॅलिटी शोची युनिटं गोव्यात येऊन बसली, इथे ऑक्सिजनअभावी माणसं जात असताना मडगावच्या रवींद्र भवनात गाण्यांचा कार्यक्रम शूट होतोय म्हटल्यावर विरोधक आत घुसले आणि परवानग्या रद्द झाल्या. सिनेमावाल्यांना या म्हणायचं हे धोरण सतरा वर्षं चाललं पण नको कधी म्हणायचं हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

आता सूर परत बदललाय. किनाऱ्यापलीकडचा गोवा, देवळं, अकरा तीर्थस्थळांची मोहीम, गोवा भोगभूमी नाही योगभूमी आहे वगैरे. अंतर्भागात लोक न्यावेत हे ठीकच, पण पन्नास वर्षांचा सिनेमा एका ब्रोशरने पुसला जाईल असं कोणाला वाटत असेल तर कठीण आहे. २०२४ च्या शेवटी एका माणसाने परदेशी पर्यटक घटल्याचे आकडे टाकले तर पर्यटन खात्याने आकडे चुकीचे म्हणून त्याच्यावर पोलिसांत तक्रार केली. खुद्द सरकारी आकड्यांत २०१९ ला नऊ लाखांच्या वर असलेले परदेशी पर्यटक २०२३ ला साडेचार लाखांच्या आसपास होते आणि देशी पर्यटक मात्र ऐंशी लाखांच्या पुढे गेले होते. म्हणजे येणारा बहुतेक जण आता हिंदी सिनेमा बघून येतोय, आणि मंत्री-अधिकाऱ्यांच्या फेऱ्या लंडन-बर्लिनच्या पर्यटन मेळ्यांना चालूच आहेत.