रक्तदाबावरची सुई आली कुठून?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत बीपी तपासायला आलेल्यांपैकी कुणीतरी विचारतंच, अ‍ॅक्युपंक्चर केलं तर गोळी बंद होईल का? सोबत अंगात बारीक सुया टोचण्याच्या या उपचाराच्या हजारो वर्षांच्या चिनी परंपरेचा दाखलाही असतो. रक्तदाबाच्या बाबतीत हा दाखला लागू पडत नाही. ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा या शास्त्राचा मूळ ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात नाडीपरीक्षा आहे, शरीरातून वाहणाऱ्या ‘ची’चे, म्हणजे प्राणशक्तीचे, मार्ग आहेत. रक्तदाब त्यात कुठून असणार? दंडाला पट्टा बांधून दाब मोजायचं यंत्र इटलीच्या रिवा-रोचीने १८९६ साली बनवलं, आणि स्टेथोस्कोप लावून वरचा-खालचा आकडा काढायची रीत रशियाच्या कोरोत्कोव्हने १९०५ साली सांगितली. बीपी उतरवायला सुई टोचणं हे त्यानंतरचंच.

भारतात ही विद्या आली त्या वाटेवर नागपूरही आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टर पाठवले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे मात्र नागपुरातही फार थोड्यांना माहीत असतं. याची मला मनापासून खंत वाटते. पथकाचं काम होतं जखमी सैनिकांवर उपचार करण्याचं, सुया शिकण्याचं नव्हे. पण पथकातले कोलकात्याचे डॉ. बी. के. बसू पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि परतल्यावर कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं.

अमेरिकेत कुतूहल जागं झालं ते १९७१ मध्ये, पत्रकार जेम्स रेस्टन यांनी पेकिंगमधल्या (आजचं बीजिंग) आपल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनानंतर घेतलेल्या सुयांबद्दल लिहिलं तेव्हा. रक्तदाबाचं नाव पक्कं झालं ते २००३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालामुळे. सुई परिणामकारक ठरल्याच्या यादीत त्यात उच्च रक्तदाबही होता. आजही जाहिरातींना हीच यादी उपयोगी पडते.

त्यानंतरचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. २००६ मध्ये अमेरिकेत १९२ रुग्णांवर प्रयोग झाला; खऱ्या आणि लटक्या सुयांच्या परिणामात फरक दिसला नाही. २००७ मध्ये जर्मनीत १६० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात सहा आठवड्यांच्या उपचाराने वरचा आकडा पाचेक अंकांनी उतरला, पण सुया थांबल्यावर तीन महिन्यांत परत चढला. कॅलिफोर्नियात २०१५ साली विजेचा सौम्य प्रवाह सोडलेल्या सुयांनी काही रुग्णांत सहा ते आठ अंकांची घट दिसली. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात २२ प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा टिकाऊ परिणामाचा पुरावा मिळाला नाही.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी आता स्वतंत्र कायदा आहे. त्याने उपचार करणाऱ्याची नोंदणी होते; गोळी सोडायची परवानगी मिळत नाही. सुया घ्यायच्या तर गोळी चालू ठेवूनच घ्याव्यात. डोस कमी करायचा की नाही हे घरी रोज मोजलेल्या आकड्यांची वही पाहून आपल्या डॉक्टरांनी ठरवावं.