साडेअकरा सेंटीमीटर

टेबल टेनिसचा चेंडू हातात घ्या. त्याचा घेर जवळपास साडेबारा सेंटीमीटर भरतो. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंड याहून बारीक असेल, तर ते मूल कुपोषित धरतात. साडेअकराच्याही खाली असेल, तर तीव्र कुपोषित. मेळघाटातली अंगणवाडी सेविका मुलाच्या दंडाला जी हिरवी-पिवळी-लाल पट्टी गुंडाळते, तिच्यावर याच दोन रेघा असतात. ‘सॅम’ (तीव्र कुपोषित) आणि ‘मॅम’ (मध्यम कुपोषित) हे शब्द तिथे आता रोजच्या बोलण्यातले झाले आहेत. पण या मोजणीला खरी धार आली ती एका युद्धात.

१९६७ मध्ये नायजेरियातून फुटून बियाफ्रानं स्वातंत्र्य जाहीर केलं. नायजेरियानं नाकेबंदी केली आणि अन्न आटलं. पुढच्या वर्षी फुगलेल्या पोटांच्या, तांबूस केसांच्या मुलांचे फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. लोक हेलावले, मदत निघाली. पण फोटोची एक गोची असते. छायाचित्रकार सगळ्यात खंगलेलं मूल टिपतो. बाकीच्या मुलांचं काय? शंभरातली पाच तशी आहेत की पन्नास? विमानानं रात्री चोरून आणलेली दूध पावडर आधी कुठल्या गावाला द्यायची?

तिथे काम करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मदत पथकानं यावर एक काठी शोधली. ‘क्वॅक स्टिक’ हे तिचं नाव. आधी मुलाच्या दंडाचा घेर मोजायचा, मग त्याला काठीला टेकवून उभं करायचं. काठीवर ठिकठिकाणी दंडाचे आकडे लिहिलेले. मुलाचं डोकं त्याच्या आकड्याच्या वर गेलं, तर उंचीच्या मानानं दंड बारीक. मुलाला जेवणाच्या रांगेत घ्यायचं. वजनकाटा नको, तक्ते नकोत, आणि मुख्य म्हणजे वय विचारायला नको. पळापळीत आईच हरवलेली असेल, तर जन्मतारीख विचारणार तरी कुणाला?

पण दंडच का? पोट फुगतं, चेहरा सुजतो, ते फसवतात. दंडात हाड, स्नायू आणि थोडी चरबी एवढाच ऐवज. उपासमारीत शरीर आधी चरबी जाळतं आणि स्नायूही मोडून खायला लागतं. स्नायू म्हणजे प्रथिनांची साठवण. न्यूमोनिया किंवा जुलाबाशी झुंजताना शरीर तिथूनच उसनवारी करतं. ती संपली की साधा जुलाबही मुलाला घेऊन जातो. दुसरी सोय निसर्गानंच करून ठेवली आहे. वर्षाच्या बाळाची गुटगुटीत चरबी पुढे झडते आणि तिची जागा स्नायू घेतात, त्यामुळे धडधाकट मुलाचा दंड पाच वर्षांपर्यंत फारसा जाड होत नाही. म्हणून लहान-मोठ्या सगळ्यांना एकच रेघ चालते.

हे नुसतं तर्कानं पटलेलं नाही. आताच्या बांगलादेशातल्या मतलब भागात १९७० च्या सुमारास आठ हजारांहून जास्त मुलांना या काठीनं मोजलं आणि पुढचं दीड वर्ष त्यांची खबर ठेवली. उंचीच्या मानानं ज्यांचे दंड सगळ्यात बारीक होते, ती मुलं इतरांच्या कितीतरी पट दगावली. पुढे बगदादचे डॉक्टर अदनान शाकिर यांनी तिरंगी पट्टी पुढे आणली आणि काठी मागे पडली. साडेअकराची आजची रेघ जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं २००९ मध्ये ठरवली.

पट्टीला एक गोष्ट मात्र दिसत नाही. क्वाशिओरकोर, म्हणजे सूज आणणारं कुपोषण, झालेल्या मुलाच्या अंगात पाणी साचतं. म्हणून मोजणारी बाई दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरते. उचलल्यावर खळगा तसाच राहिला, तर पट्टी काहीही सांगो, ते मूल तीव्र कुपोषितच.

लाल रंग आल्यावर करायचं काय, याचंही उत्तर १९९६ मध्ये आलं. शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं यांचं ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरीचं. त्यात पाण्याचा अंश नगण्य, त्यामुळे जंतू वाढत नाहीत आणि कालवायलाही पाणी लागत नाही. छावणीतल्या पाण्याचा भरवसा नसतो, तेव्हा याचं मोल कळतं. शिवाय मुलं एका तंबूत महिनाभर गोळा करून ठेवावी लागत नाहीत. बॉम्ब पडणाऱ्या मुलखात तेही थोडं नाही.

आता ही पट्टी आंतरराष्ट्रीय राजकारणातही बोलते. २०१८ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव २४१७ करून नागरिकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरण्याचा निषेध केला. पण उपासमार आहे हे दाखवायचं कशानं? दुष्काळ जाहीर करण्याचे निकष ‘आयपीसी’ या अन्नटंचाई मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचे आहेत. दर पाचातलं एक घर अन्नाच्या पराकोटीच्या टंचाईत, दहा हजारांमागे रोज किमान दोन मृत्यू, आणि वजन-उंचीच्या हिशेबानं ३० टक्के मुलं कुपोषित. वजन-उंची घेणं अशक्य असेल, तर पट्टीनं १५ टक्के, सोबत परिस्थिती झपाट्यानं ढासळत असल्याचा पुरावा. दोन पद्धती थोडी वेगवेगळी मुलं पकडतात, म्हणून आकडे वेगळे.

ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर आणि भोवतालच्या भागात दुष्काळ असल्याचा निर्वाळा या यंत्रणेनं दिला, त्यातला कुपोषणाचा निकष लावला तो पट्टीच्या मोजणीवरून. निकष सोयीनं खाली आणला, असा आरोप इस्रायलनं केला. पट्टीचा निकष आधीपासूनच नियमांत आहे, असं यंत्रणेनं सांगितलं. दंड मोजून झाले होते. वाद चालला होता तो ३० की १५ यावर.