न्यायाधीश-लोकसंख्या प्रमाण

न्यायाधीश-लोकसंख्या प्रमाण : दर दहा लाख लोकसंख्येमागे किती न्यायाधीश आहेत ते दाखवणारा आकडा. न्यायालयांना मनुष्यबळ कितपत अपुरे पडते हे सांगण्यासाठी भारतात हेच मोजमाप सर्वाधिक वापरले जाते. संसदेतील प्रश्नोत्तरे, न्यायालयांचे निकाल आणि वकील संघटनांची निवेदने यांत ‘दहा लाखांमागे पन्नास’ हे उद्दिष्ट गेली सुमारे चार दशके उद्धृत होत आले आहे.

खटल्यांच्या विलंबाची चर्चा याहून बरीच जुनी आहे. सर जॉर्ज रँकिन यांच्या अध्यक्षतेखालील दिवाणी न्याय समितीने १९२४-२५ मध्ये आणि मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने (कायद्यातील सुधारणा सुचवणारे सरकारचे सल्लागार मंडळ) १९५८ मधील चौदाव्या अहवालात न्यायाधीशांची अपुरी संख्या हे विलंबाचे एक कारण मानले होते. लोकसंख्येशी गुणोत्तर मांडून उद्दिष्ट ठरवण्याची पद्धत मात्र न्या. डी. ए. देसाई यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाच्या जुलै १९८७ मधील १२० व्या अहवालापासून रूढ झाली असे सामान्यतः मानले जाते. त्या अहवालानुसार भारतात दहा लाखांमागे १०.५ न्यायाधीश होते. तुलनेसाठी ऑस्ट्रेलिया ४१.६, इंग्लंड ५०.९, कॅनडा ७५.२ आणि अमेरिका १०७ हे आकडे दिले होते. पाच वर्षांत प्रमाण ५० वर न्यावे आणि २००० सालापर्यंत अमेरिकेच्या १०७ ची बरोबरी करावी, अशी शिफारस होती. यांपैकी दुसरा भाग पुढे जवळजवळ विस्मरणात गेला.

पन्नास हाच आकडा का, याबद्दल मतभेद आहेत. इंग्लंडच्या ५०.९ शी असलेले साम्य नजरेत भरते, पण तेवढ्यावरून निश्चित अनुमान काढणे धोक्याचे. काही अभ्यासक त्याला शास्त्रीय मोजणीपेक्षा धोरणात्मक ध्येय मानतात, आणि आयोगाला तेव्हा उपलब्ध असलेली तुटपुंजी सांख्यिकी पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. तुलनेच्या पायाबद्दलचा आक्षेप जास्त गंभीर आहे. इंग्लंड व वेल्समध्ये बहुसंख्य फौजदारी प्रकरणे बिनपगारी, कायद्याची पदवी नसलेले मॅजिस्ट्रेट चालवतात; त्यांना न्यायाधीश म्हणून मोजावे की नाही, यावर त्या देशाचे प्रमाण पार बदलते. भारतातही असाच घोळ संभवतो. महाराष्ट्रात शेतरस्त्याचा किंवा पाण्याच्या वाटेचा अडथळा दूर करण्याचे दावे १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारापुढे चालतात, गोव्यात त्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. जमिनीच्या नोंदींचे वाद महसुली अपिलांत वर्षानुवर्षे फिरतात. हे सारे निवाड्याचेच काम. पण ते करणारा अधिकारी या प्रमाणात कुठेच धरला जात नाही.

ऑल इंडिया जजेस असोसिएशन प्रकरणात २१ मार्च २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिक्त पदे आधी भरावीत आणि पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने प्रमाण ५० वर न्यावे असा आदेश दिला. दरवर्षी दहा लाखांमागे दहा पदे वाढवणे हा एक मार्गही सुचवला. सध्याचे प्रमाण ‘१०.५ किंवा १३’ असे त्या निकालात लिहिले आहे. आरंभबिंदूच असा दुहेरी असल्याने पुढील प्रगती मोजताना प्रत्येकाने सोयीचा आकडा धरला, यात नवल नाही. मुदत टळली. २४ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत मुख्यमंत्री व मुख्य न्यायमूर्तींच्या परिषदेत पंतप्रधानांसमोर बोलताना सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर यांना अश्रू आवरले नाहीत. तेव्हाही त्यांनी आधार घेतला तो १९८७ च्या शिफारशीचाच.

दरम्यान या मोजमापालाच आव्हान मिळाले होते. इम्तियाज अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, थकलेली प्रकरणे संपवण्यासाठी किती जादा न्यायालये लागतील, अशी विधी आयोगाकडे विचारणा केली. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने जुलै २०१४ च्या २४५ व्या अहवालात लोकसंख्येचा निकष नाकारला. लोकसंख्या आणि दाखल होणारी प्रकरणे यांचा संबंध सर्वत्र सारखा नसतो, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद. केरळात हजार लोकांमागे वर्षाला सुमारे २८ नवी प्रकरणे दाखल होतात, तर झारखंडात सुमारे चार. उत्पन्न, साक्षरता आणि हक्कांची जाण वाढली की माणूस न्यायालयाची पायरी चढतो. सरसकट प्रमाण लावले तर एकीकडे न्यायाधीशांना काम नाही आणि दुसरीकडे बोर्ड (दिवसाच्या सुनावणीची यादी) संपत नाही, अशी स्थिती येईल. आयोगाने त्याऐवजी निकाली काढण्याच्या दरावर आधारित पद्धत मांडली. एक न्यायाधीश वर्षाला सरासरी किती प्रकरणे निकाली काढतो ते पाहायचे, नव्याने दाखल होणाऱ्या प्रकरणांना पुरेल इतकी संख्या काढायची आणि जुनी थकबाकी ठरावीक वर्षांत संपवण्यासाठी लागणारी जादा पदे वेगळी मोजायची. सध्याचा वेग हाच योग्य वेग, हे त्यातले गृहीतक कमकुवत आहे. राष्ट्रीय न्यायालय व्यवस्थापन प्रणाली समितीने म्हणून प्रकरणाच्या स्वरूपानुसार वजन देणारी ‘युनिट’ पद्धत पुढे आणली, आणि २ जानेवारी २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अंतिम सूत्र ठरेपर्यंत तीच वापरण्यास सांगितले. खुनाचा खटला आणि धनादेश न वटल्याची तक्रार यांना एकाच मापाने मोजू नये, एवढे तरी या पद्धतीने साधते. प्रस्तुत नोंदीत २४५ व्या अहवालाची मांडणी, तिच्या मर्यादांसह, अधिक विश्वसनीय मानली आहे. सार्वजनिक चर्चेतून मात्र पन्नासचा आकडा हटलेला नाही.

सरकारी उत्तरांत अलीकडे दिले जाणारे प्रमाण सुमारे २१ आहे. ते मंजूर पदे आणि २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या यांवरून काढलेले असते, म्हणजे अंशात न भरलेल्या खुर्च्या आणि छेदात जुनी माणसे. २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टने कार्यरत २१,२८५ न्यायाधीश धरून ते सुमारे १५ दाखवले. जिल्हा न्यायव्यवस्थेतील मंजूर पदे २५ हजारांवर असून त्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा रिक्त राहत आला आहे. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांची भरती महाराष्ट्रात लोकसेवा आयोगामार्फत, तर जिल्हा न्यायाधीशांची थेट भरती उच्च न्यायालयामार्फत होते. मलिक मझहर सुलतान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आखून दिलेले भरतीचे वेळापत्रक पाळले जाते तिथे रिक्त पदे कमी दिसतात.

प्रमाणात न मोजला जाणारा तुटवडा कर्मचाऱ्यांचा आणि जागेचा. लघुलेखक नसेल तर साक्ष हळू नोंदली जाते, बेलिफ कमी असतील तर समन्स बजावले जात नाही आणि पक्षकाराला पुढची तारीख मिळते. एका न्यायाधीशाकडे दुसऱ्या न्यायालयाचा ‘चार्ज’ असेल तर दोन्हीकडचे बोर्ड लांबते. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी सांगितले होते, की २६ टक्के न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहे नाहीत आणि प्राथमिक वैद्यकीय मदत केवळ पाच टक्के ठिकाणी आहे. इमारतींसाठी केंद्राची योजना १९९३-९४ पासून असून बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० आहे.

पैसा मुदतीचा असला की न्यायालयही मुदतीचे होते. अकराव्या वित्त आयोगाच्या निधीतून १,७३४ जलदगती न्यायालये मंजूर झाली, ५०२.९० कोटी रुपयांची तरतूद झाली; केंद्राची मदत ३१ मार्च २०११ रोजी थांबली आणि ती चालू ठेवायची की नाही हा निर्णय राज्यांवर आला. ब्रिजमोहन लाल प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याऐवजी नियमित संवर्गात दहा टक्के पदे वाढवण्याचे निर्देश दिले.

उच्च न्यायालयांच्या बाबतीत हे प्रमाण फारसे वापरले जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर संख्या ९४ असून मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा (पर्वरी) आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) यांत तेच न्यायमूर्ती विभागले जातात. न्यायाधिकरणांतील सदस्यही मोजणीबाहेर राहतात. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण १९९१ पासून मुंबईत असून त्याची खंडपीठे नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत.