शोधनिबंध मोजायची सवय लागली कुठून?

हल्ली बऱ्याच शोधपत्रिकांच्या मुखपृष्ठावर विषयांची लांबलचक ओळ असते: अभियांत्रिकी, व्यवस्थापन, कायदा, उपयोजित विज्ञान. आत काँक्रीटमध्ये राख किती मिसळावी यावर एक निबंध असतो. त्याला लागूनच कर्मचारी नोकरी का सोडतात याचा प्रश्नावली काढून केलेला अभ्यास, मग वैयक्तिक माहितीच्या कायदेशीर संरक्षणावर काही, आणि शेवटी सांडपाण्याचं शुद्धीकरण. चौघांचा साचा मात्र एकच. सारांश, पूर्वसाहित्याचा आढावा, पद्धती, निष्कर्ष, संदर्भसूची. वकिलानं आणि बॉयलर बांधणाऱ्यानं एकाच साच्यात लिहायचं, ही रीत वाटते तितकी जुनी नाही. या चारही शाखांची खरं-खोटं पारखायची पद्धत मुळात वेगवेगळी होती. त्या एका वेष्टनात आल्या त्या बऱ्याच अंशी एका हिशेबापायी, आणि तो हिशेब विज्ञानानं वकिलांकडून उचललेला आहे.

सुरुवात नेहमीच्या ठिकाणाहूनच करावी लागते. ५ जानेवारी १६६५ला पॅरिसमध्ये 'जुर्नाल दे सावां' निघालं आणि दोनच महिन्यांनी, ६ मार्चला, लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'. दुसऱ्याचा संपादक हेन्री ओल्डेनबर्ग रॉयल सोसायटीचा चिटणीस होता, पण पत्रिका काढली ती स्वतःच्या जबाबदारीवर, चार पैसे मिळतील या आशेनं. काय छापायचं ते तोच ठरवी. सोसायटीनं पत्रिका अधिकृतपणे ताब्यात घेतली १७५२मध्ये, आणि समीक्षकाचा लेखी अहवाल मागवायची प्रथा सुरू झाली त्याच्याही ऐंशी वर्षांनी, १८३२च्या सुमारास. विल्यम ह्यूएल आणि जॉन लबक या दोघांनी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या निबंधावर मिळून अहवाल लिहायचा होता. ह्यूएलना निबंधाचं महत्त्व लोकांना पटवून द्यायचं होतं, लबकना गणितातल्या उणिवा दिसत होत्या. दोघांचं काही केल्या जुळेना. समीक्षकाचं काम शिफारस करणं की चुका काढणं, हा वाद म्हणजे पहिल्या अहवालापासूनचा आहे.

अभियांत्रिकीचा रस्ता वेगळाच. तिथे निबंधाला कसोटी असे ती पूल उभा राहतो की नाही याची. १८१८मध्ये लंडनला स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या छापील इतिवृत्तांत निबंधाच्या पाठोपाठ त्यावरची चर्चाही छापली जाई. बंदर बांधणारा एक अभियंता बोलणार आणि दुसरा उठून म्हणणार की आमच्याकडे असाच भराव टाकला तो वाहून गेला. आजच्या निनावी समीक्षेपेक्षा ही उघड जुगलबंदी मला तरी जास्त कामाची वाटते. निदान वाचणाऱ्याला हरकत कोणाची आणि कशाच्या जोरावर, ते कळत असे.

या काळातलं एक काम जवळून पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत नद्यांतून वाफेच्या बोटी धावू लागल्या आणि बॉयलर फुटून माणसं मरू लागली. का फुटतात, यावर तर्कांना तोटा नव्हता. पाण्याचं विघटन होऊन स्फोटक वायू तयार होतो, असंही काही जण छातीठोकपणे सांगत. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटनं १८३०मध्ये यासाठी समिती नेमली. अलेक्झांडर डॅलस बेश तिचे प्रमुख होते, आणि प्रयोगांचा खर्च उचलला अमेरिकेच्या अर्थखात्यानं. तिथल्या केंद्र सरकारनं संशोधनासाठी दिलेलं हे पहिलं अनुदान मानलं जातं. समितीनं एक छोटा बॉयलर मुद्दाम बनवून घेतला आणि त्याच्या टोकांना जाड काचेच्या खिडक्या बसवल्या. आत पाणी कसं उकळतं, झडप उघडली की पातळी कशी उसळते, तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं तर काय होतं, हे डोळ्यांनी पाहून टिपून ठेवलं. वायूचा तर्क निकालात निघाला. १८३६च्या अहवालात पत्र्याच्या मजबुतीचे आकडे होते, सुरक्षा झडपेबद्दलच्या सूचना होत्या आणि सोबत कायदा कसा असावा तेही होतं. १८३८चा पहिला कायदा लेचापेचा निघाला. १८५२च्या कायद्यानं तपासनीस, परवाने आणि दाबाच्या चाचण्या आणल्या. पदार्थविज्ञान, अभियांत्रिकी आणि कायदा तिथे एकत्र आले होते. मुखपृष्ठासाठी नव्हे, बॉयलर फुटू नये म्हणून.

त्याच फ्रँकलिन इन्स्टिट्यूटची पत्रिका शंभर वर्षांनी एका गमतीदार प्रसंगात पुन्हा भेटते. १९३६मध्ये आइनस्टाइन आणि नेथन रोझन यांनी गुरुत्वीय लहरींवरचा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. लहरी अस्तित्वातच नसाव्यात, असा त्याचा रोख होता. संपादक जॉन टेट यांनी तो समीक्षकाकडे धाडला आणि आलेले आक्षेप आइनस्टाइनना कळवले. ते भडकले. निबंध छापायला दिला होता, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवायची परवानगी कोणी दिली, असं खरमरीत उत्तर लिहून त्यांनी निबंध परत घेतला आणि फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या पत्रिकेला दिला. तिथे १९३७मध्ये तो छापला गेला, पण निष्कर्ष बदलून. चूक समीक्षकानं बरोबर पकडली होती. तो समीक्षक म्हणजे प्रिन्स्टनचे हॉवर्ड रॉबर्टसन, हे कित्येक वर्षांनी उघड झालं. एवढ्या मोठ्या माणसालाही समीक्षा हा आगाऊपणा वाटावा, इतकी ती तेव्हा अपवादाची गोष्ट होती. 'नेचर'नं १९५३मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा निबंध बाहेरच्या समीक्षेविनाच छापला. तिथे समीक्षा सर्रास बंधनकारक झाली १९७३मध्ये. ती प्रत्येक शाखेची पवित्र अट बनली त्यात सरकारी पैशाचाही हात आहे. १९७५मध्ये अमेरिकी काँग्रेसनं नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानांवर प्रश्न विचारले, तेव्हा शास्त्रज्ञांनी तज्ज्ञ-समीक्षेची ढाल पुढे केली.

व्यवस्थापन हे अभियांत्रिकीच्या घरातलंच पोर. हेन्री टाऊन या कुलूप कारखानदारानं १८८६मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सपुढे, अभियंत्यानं अर्थकारणही पाहावं, असा निबंध वाचला. फ्रेडरिक टेलर यांचे दरपत्रकावरचे आणि कारखाना चालवण्यावरचे निबंधही याच व्यासपीठावर आले. पण वैज्ञानिक व्यवस्थापनावरचं त्यांचं मुख्य लिखाण मात्र सोसायटीच्या समितीनं वर्षभर रेंगाळत ठेवलं, आणि शेवटी १९११मध्ये टेलरनी ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलं. पुढे बिझनेस स्कूलं उदंड झाली, तरी विद्यापीठांतले इतर प्राध्यापक त्यांच्याकडे धंदेशिक्षणाचे वर्ग म्हणूनच बघत. १९५९मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांचे अहवाल एकाच वर्षी आले आणि दोघांनीही या शाळांच्या शैक्षणिक दर्जाचे वाभाडे काढले. सांगणं एकच होतं: गणित, संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणा, संशोधन करणारे प्राध्यापक नेमा. फोर्डनं त्यासाठी पैसाही ओतला. व्यवस्थापनाचा निबंध आज गृहीतक, नमुना आणि समीकरणांनी भरलेला दिसतो त्याचं मूळ इथे आहे. प्रतिष्ठा मिळाली खरी, पण कारखान्याच्या मॅनेजरनं ते निबंध वाचणं सोडलं.

कायद्याची तऱ्हा सगळ्यांहून निराळी. १८७०मध्ये हार्वर्डच्या विधी शाखेचे डीन झालेले क्रिस्टोफर लँगडेल म्हणत की कायदा हे शास्त्र आहे आणि ग्रंथालय ही त्याची प्रयोगशाळा. १८८७मध्ये तिथे 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' सुरू झाला तो विद्यार्थ्यांनी चालवलेला, आणि अमेरिकेतल्या बहुतेक विधी-पत्रिका आजही विद्यार्थीच चालवतात. एकच लेख लेखक एकाच वेळी अनेक पत्रिकांकडे पाठवतात. विज्ञानात असं केलं तर तो गैरप्रकार ठरतो. अनुभवी तज्ज्ञाऐवजी पंचविशीतली मुलं निवड करणार म्हटल्यावर नाकं मुरडली जातातच. तरीही याच पत्रिकेत डिसेंबर १८९०मध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख आला. क्षणात टिपणारे नवे कॅमेरे आणि वर्तमानपत्रांचा चोंबडेपणा हे त्यांचं निमित्त होतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्या पुट्टस्वामी निकालातही या लेखाचा दाखला आहे.

दाखला हाच वकिलाचा माल. मात्र तो शिळा असून चालत नाही. तुम्ही ज्या निकालावर भिस्त ठेवलीत तो पुढे वरच्या न्यायालयानं फिरवला असेल, तर भर कोर्टात फजिती ठरलेली. शिकागोच्या फ्रँक शेपर्ड यांनी १८७३मध्ये यावर तोडगा काढला. ते डिंक लावलेल्या छापील चिठ्ठ्या विकू लागले. वकिलानं त्या आपल्या निकालग्रंथात त्या त्या निकालाच्या समासात चिकटवायच्या. नंतर कोणकोणत्या निकालांत याचा उल्लेख झाला, ते चिठ्ठीवर असे. पुढे याचे जाडजूड खंड झाले आणि उल्लेखाआधी एकेक अक्षर येऊ लागलं: अनुसरला, वेगळा काढला, टीका केली, रद्दबातल ठरवला. अमेरिकी वकिलांत निकाल तपासून घेण्याला 'शेपर्डाइझ करणं' असं क्रियापदच रूढ झालं.

१९५३मध्ये या शेपर्ड कंपनीचे निवृत्त उपाध्यक्ष विल्यम अडेर यांनी युजीन गारफिल्ड या तरुण ग्रंथालय-संशोधकाला पत्र लिहिलं. गारफिल्ड तेव्हा जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकीय लेखांच्या सूचीकरणात गुंतले होते. वकिलांची ही युक्ती विज्ञानाला का लावू नये, अशी ती सूचना. १९५५मध्ये 'सायन्स'मध्ये गारफिल्डनी कल्पना मांडली. त्यामागचा हेतू टीकाकाराचा होता: खोट्या, कालबाह्य किंवा अपुऱ्या माहितीचा दाखला शहानिशा न करता दिला जाऊ नये. साठच्या दशकात त्यांच्या संस्थेचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' आला, आणि पहिल्या सूचीत ६१३ पत्रिका होत्या.

पण या स्थलांतरात एक चीज गळाली. शेपर्डची अक्षरं विज्ञानात आलीच नाहीत. अमक्या निबंधाचा उल्लेख तमक्यानं केला, एवढंच उरलं. कौतुकानं केला, खोडून काढायला केला की नुसता रिवाज म्हणून, हे गेलं. अक्षर गेल्यावर उरते ती बेरीज. कोणत्या पत्रिका सूचीत घ्यायच्या हे ठरवायला गारफिल्ड आणि आर्व्हिंग शेर यांनी या बेरजेतून 'इम्पॅक्ट फॅक्टर' काढला. पत्रिकेच्या मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना यंदा मिळालेले उल्लेख, भागिले त्या निबंधांची संख्या. १९७५पासून हे आकडे दरवर्षी वेगळ्या अहवालात निघू लागले. ग्रंथपालाच्या सोयीचं हे माप नेमणूक समित्यांच्या हाती पडलं आणि पत्रिकेची सरासरी माणसाच्या नावावर चढू लागली. दोन वर्षांची मुदत जीवरसायनशास्त्राला ठीक असेल. पुलाच्या थकव्यावरचा किंवा मालमत्तेच्या कायद्यावरचा निबंध दहा-पंधरा वर्षांनी कामी येतो, त्याचं काय? विचारलं कोणी नाही. २००५मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांचा एच-इंडेक्स आला (एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख असतील, तर त्याचा आकडा दहा) आणि मग व्यक्तीलाही स्वतःचा आकडा मिळाला.

माप ठरलं की बाजार उभा राहतोच. रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या पर्गमॉन प्रेसनं युद्धानंतरच वाचकवर्गणीवर चालणाऱ्या पत्रिकांत किती कमाई आहे ते दाखवून दिलं होतं. १९९१मध्ये पॉल जिन्सपार्ग यांनी समीक्षेआधीचे निबंध खुले ठेवणारं भांडार सुरू केलं, तेच पुढे अर्काइव्ह झालं. २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यानं मुक्त प्रवेशाची, म्हणजे निबंध कोणालाही फुकट वाचता यावेत अशी मागणी केली. ती रास्तच होती. मात्र वाचकाऐवजी लेखकानं पैसे भरायचे म्हटल्यावर निबंध नाकारणं म्हणजे गिऱ्हाईक घालवणं झालं. अनेक शाखांना एकत्र दार उघडणाऱ्या पत्रिका अशा वेळी सोयीच्या पडतात, कारण गिऱ्हाईक कोणत्याही विभागातून येऊ शकतं. सगळ्याच तशा असतात असं नाही. पण काँक्रीट आणि करार यांच्यावर एकच संपादक मंडळ मत देत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. २००५मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी संगणकशास्त्राचे अर्थहीन निबंध आपोआप लिहिणारी आज्ञावली बनवली आणि त्यातला एक निबंध परिषदेत स्वीकारलाही गेला. तीच आज्ञावली वापरून केलेले १२०हून अधिक निबंध स्प्रिंगर आणि आयईईई या प्रकाशकांनी २०१४मध्ये काढून टाकले. 'सायन्स'साठी जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ठळक चुका ठेवलेला बनावट निबंध ३०४ मुक्त-प्रवेश पत्रिकांकडे पाठवला. १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला. विकतचे निबंध पुरवणाऱ्या टोळ्यांनी पुढे विशेषांकांत शिरकाव केला. वायली कंपनीनं २०२१मध्ये विकत घेतलेल्या हिंदावी प्रकाशनाला एकट्या २०२३ सालात आठ हजारांहून जास्त निबंध मागे घ्यावे लागले.

मागे घेतलेल्या निबंधांचे दाखले मात्र चालूच राहतात, आणि ते इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये मोजलेही जात. २०२५च्या अहवालापासून, सूची चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीनं मागे घेतलेल्या निबंधांना मिळालेले आणि त्यांनी दिलेले उल्लेख या हिशेबातून वगळायला सुरुवात केली. शेपर्डच्या खंडांत यासाठी एक अक्षर पुरत असे.