क्लिपलेस पेडल आणि पायांचे स्नायू

क्लिपलेस पेडल म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टने बसवलेला खाचेचा छोटा तुकडा, म्हणजे क्लीट, पेडलमधल्या स्प्रिंगच्या पकडीत अडकवून सायकलस्वाराचे पाऊल जागेवर धरणारी रचना होय. टाच बाहेर वळवली की पाऊल सुटते. बर्फावरच्या स्कीला बूट जखडणाऱ्या पकडीवरून ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने असे पेडल १९८४ मध्ये बाजारात आणले. पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने ते वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. चालायला सोयीची, दोन बोल्टची ‘एसपीडी’ क्लीट शिमानो या जपानी कंपनीने १९९० मध्ये आणली.

क्लीटमुळे पेडल वर ओढता येते आणि मांडीमागचे स्नायू मोठे काम करतात, असे सायकलस्वारांत सर्रास सांगितले जाते. ते फार थोडे खरे आहे. बहुतेक ताकद पेडल खाली दाबताना लागते आणि ती नितंबाचे व मांडीच्या पुढचे स्नायू देतात. तळाशी आल्यावर पोटरी आणि मांडीमागचे स्नायू पेडल मागे नेतात. संथ चालीत वर येणारा पाय स्वतःचे वजनही पुरते उचलत नाही, दुसरा पाय त्याला वर ढकलतो. मुद्दाम ओढत राहिले तर जांघेचे स्नायू लवकर थकतात आणि तेवढ्याच वेगासाठी प्राणवायू जास्त खर्च होतो. क्लीटचा खरा लाभ पूर्ण जोर लावताना दिसतो, कारण पाऊल सरकत नाही आणि ओढही उपयोगी पडते.

कोकणात हा फरक चांगला कळतो. रेवस ते रेडी सागरी मार्गावर खाडी ओलांडली की छातीवर येणारी चढण, वर जांभ्याचा सडा म्हणजे सपाट कातळपठार, लगेच उतार आणि पुन्हा खाडी, असे दिवसभर चालते. उभे राहून चढताना ओढीचा आधार मिळतो, पण लांबच्या प्रवासात गिअर हलका ठेवून पाय गोल फिरवणेच स्नायूंना मानवते.

क्लीट कुठे बसवली याला पेडलच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्व आहे. ती बोटांकडे गेली तर पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो. थोडी मागे घेतली तर तो उतरतो. पाऊल चुकीच्या कोनात जखडले तर गुडघा दुखू लागतो. म्हणून पावलाला काही अंश डावी-उजवीकडे फिरू देणाऱ्या क्लीट नवख्यांनी घ्याव्यात आणि स्प्रिंग सैल ठेवावी, म्हणजे अवघड वळणावर सायकल थांबली तरी पाऊल वेळेत सुटते.

दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड फेरीबोटीत चढताना ओल्या धक्क्यावर तीन बोल्टची प्लॅस्टिक क्लीट घसरते आणि झिजतेही. इथे बुटाच्या तळात आत दबलेली एसपीडीच बरी. पुळणीतली वाळू पकडीत अडकते, खाऱ्या हवेने बोल्ट गंजतात. ते अधूनमधून काढून ग्रीस लावून बसवावे लागतात. मात्र काढण्यापूर्वी बुटाच्या तळाला पेनाने खूण करावी, नाहीतर बसलेला कोन हातचा जातो.