कमळ चिनाराच्या गोतातले

कमळ आणि कुमुदिनी एकाच तळ्यात फुलतात. दोन्हींची मुळे चिखलात, पाने गोलसर, पाकळ्या भरपूर. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्यांना बराच काळ सख्खी मानले. आर्थर क्रॉनक्विस्ट यांच्या १९८१च्या वर्गीकरणातही ती एकाच गणात आहेत. पराग मात्र वेगळेच सांगत होता.

परागकणाचे आतले आवरण पातळ असते. बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिनचे, आणि हा पदार्थ विलक्षण चिवट. कोट्यवधी वर्षे गाळात दबूनही तो टिकतो. स्वीडनच्या गुन्नार एर्टमान यांनी याच चिवटपणाचा फायदा घेतला. नऊ भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड, एक भाग सल्फ्युरिक आम्ल, त्यात पराग तापवायचा. आतला ऐवज निघून जातो, कोरीव कवच तेवढे उरते. जास्वंदीचे असे कवच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे: चहूबाजूंनी काटेच काटे. बाभळीचे कण तर सुटे नसतातच, बहुधा सोळा-सोळा एकत्र चिकटलेले असतात.

नक्षी देखणी खरी, पण मोठ्या गटांच्या वाटणीत वजन आहे ते खाचांना. खाचेपाशी कवच पातळ असते, परागनलिका तिथूनच बाहेर पडते. हवेत कण सुकू लागला की खाच आत मिटते आणि ओल धरून ठेवते. एकदल लिलीच्या कणावर अशी एकच लांब खाच. सोनचाफ्यावरही एकच, आणि त्याच्या बीत तर दोन दले! मोहरी, तुळस, सूर्यफूल हीही द्विदलच, पण त्यांच्या मोठ्या शाखेचा मूळ नमुना तीन खाचांचा. असे कण सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही सापडतात. ‘द्विदल’ हा शाळेत शिकलेला सरसकट गट आता मोडीत निघाला आहे, आणि त्याची चाहूल परागाने आधीच दिली होती.

कुमुदिनीच्या कणाला वलयासारखी एकच फट असते. कमळाच्या कणावर बहुधा तीन खाचा. पुढे डीएनएच्या अभ्यासाने निकाल दिला. कमळाचे जवळचे नातलग निघाले काश्मीरचा चिनार आणि चहाच्या मळ्यात सावलीसाठी लावतात तो सिल्व्हर ओक. पानाफुलांवरून हे कुणाच्या स्वप्नातही आले नसते.

गवतांपुढे मात्र परागतज्ज्ञही हात टेकतात. गुळगुळीत गोल कण, त्यावर काठ असलेले एकच छिद्र. बहुतेक सगळ्यांचे तेच. मका तेवढा मोठ्या आकारावरून ओळखता येतो. बाकीच्यांसाठी फुलोराच हातात घ्यावा लागतो.